आधी दोष शोध, मग पैसे काढ

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. तयारी मात्र उन्हाळ्यातच सुरू होते आणि तेव्हाच अनेक घरांत एक जुना वाद पुन्हा निघतो: घरातली रायफल आपल्या मापाची, आपल्या गरजेची करून घ्यायची की सरळ दुकानातून नवी आणायची? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची दारं बंद झाली. त्यामुळे महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या माणसाला हा प्रश्न तिथं गेल्यावरच पडतो.

इथं बोलताहेत ते मामा आणि भाची मूळचे कोल्हापूरचे. मामांचा हात उद्यमनगरातल्या लेथवर बसला. पुढं मिलवॉकीच्या एका टूलरूममध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागले. भाची मॅडिसनला असते. ग्रीन कार्ड हातात आहे, विस्कॉन्सिनमध्ये १९७३ पासून पुढं जन्मलेल्यांना सक्तीचा असलेला शिकार-प्रशिक्षणाचा कोर्स पूर्ण झाला आहे आणि कॉलेजात एनसीसीत तिनं पॉइंट टू टू रायफल चालवलेली आहे. मामांचा खांदा आता साथ देत नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी घेतलेली आपली रेमिंग्टन ७०० ते भाचीला देताहेत. काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, अक्रोडाचा दस्ता. भाची उंचीनं लहान, रायफल लांब आणि धक्का जोरदार. वाद तिथूनच सुरू झाला.

भाची: मामा, स्पष्टच बोलते. तुम्ही तुमची रायफल मला देताय, याचं मोल मला कळतं. पण तिच्यावर खर्च करण्यापेक्षा मी नवी घेते. तुम्ही काढलेल्या यादीची मी बेरीज केली. दस्ता दोनशे डॉलर, चाप दीड-पावणेदोनशे, बेडिंगचे, म्हणजे रिसीव्हर दस्त्यात घट्ट बसवून घेण्याचे दोनशे, आणि चांगली बॅरल घेऊन गनस्मिथकडून बसवून घ्यायची म्हटलं तर हजाराच्या आसपास. सगळं मिळून पंधराशेच्या वर जातं. तेवढ्यात फिनलंडची टिक्का येते आणि वर चांगली दुर्बीणही. साधी रुगर अमेरिकन घेतली तर निम्म्याहून जास्त पैसे हातात राहतात.

मामा: यादी माझी आहे, पण ती सगळी एका दमात करायची असं मी कुठं म्हटलं? ती यादी म्हणजे काय काय करता येतं, याची. त्यातलं काय करायला हवं, हे रायफल सांगेल आणि तू सांगशील. दुखतंय कुठं हे न बघताच तू ऑपरेशनचा खर्च मांडून बसलीस.

भाची: मग तुम्हीच सांगा, दुखतंय कुठं?

मामा: परवा रेंजवर तू नेम धरलास तेव्हा मी निशाणाकडं बघतच नव्हतो, तुझ्याकडं बघत होतो. दस्ता लांब, म्हणून तू कमरेतून मागं रेललीस. गाल दस्त्याला टेकत नव्हता. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसावा म्हणून तू मान पुढं ताणत होतीस. मग तुझं लक्ष नसताना मी काडतुसांमध्ये एक डमी भरलं. तू चाप ओढलास, नुसतं खट् वाजलं आणि नळीचं टोक दोन बोटं खाली गेलं. गोळी सुटलीच नव्हती, तरी धक्का येणार म्हणून तुझं अंग आधीच आवळलं होतं आणि डोळे मिटले होते. आता सांग, हा दोष बॅरलचा का?

भाची: नाही. पण रायफल मला बसत नाही, हे तर यातून सिद्धच झालं. मग बसणारी घेऊ द्या की! हल्ली कंपन्या मापाच्या रायफली करतात. वेदरबीनं २०१६ मध्ये बायकांसाठी कॅमिला काढली, आखूड दस्त्याची आणि बारीक मुठीची. रुगर, सॅव्हेज यांच्याकडं कॉम्पॅक्ट आहेत. पूर्वी बायकांना नवऱ्याची नाहीतर बापाची बंदूक उचलावी लागे. आता ते दिवस गेले.

मामा: गेले ते बरंच झालं. पण माप म्हणजे नुसती लांबी नव्हे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर कारखान्यात बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास धरलेलं असतं. तुला ते साडेबारा हवं. नोव्हेंबरात अंगात जाडजूड कोट असेल, तेव्हा आणखी थोडं कमी. शिवाय गालाखालच्या कडेची उंची वेगळी, मुठीपासून चापापर्यंत बोटाची पोच वेगळी. आपल्या कोल्हापूरच्याच नेमबाजांकडं बघ. तेजस्विनी सावंत २०१० साली पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं. त्यांच्या रायफलींचा गालाचा टेकू वर-खाली होतो, खांद्याची पट्टी पुढं-मागं सरकते. माणसाला रायफलीच्या मापाचं करत नाहीत, रायफलीला माणसाच्या मापाची करतात.

भाची: हे मात्र पटतं. आईची पैठणी मी नेसते, पण ब्लाऊज माझ्या मापाचं शिवून घेते. साडीला कात्री लावत नाही.

मामा: अगदी तेच! ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि रिसीव्हरची यंत्रणा, आणि बॅरल ही साडी. दस्ता हे ब्लाऊज. म्हणून माझं म्हणणं, हा अक्रोडाचा दस्ता कापायचा नाही. तो उतरवून नीट ठेवून द्यायचा आणि तुझ्या मापाचा दुसरा चढवायचा. रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची रायफल. तिच्यासाठी बनवलेले दस्ते, चाप, बॅरली बाजारात इतर कुठल्याही बोल्ट रायफलीपेक्षा जास्त मिळतात. साउथ डकोटातली बॉइड्स कंपनी लॅमिनेटचा दस्ता तू सांगशील त्या लांबीचा कापून पाठवते. मरीन कोअरची एम ४० आणि लष्कराची एम २४ या स्नायपर रायफली ह्याच ॲक्शनवर उभ्या राहिल्या. कारण साधं आहे. तिचा रिसीव्हर गोल दांड्यातून कातलेला. लेथवर धरायला सोपा, मध्याला आणायला सोपा.

भाची: लेथचं नाव निघालं की तुमचे डोळे चमकतात, मामा! आणि माझा मुद्दा तिथंच आहे. तुम्ही लोक रायफल बदलता ते गरजेपोटी की कारागिरीच्या ओढीनं? अमेरिकेत ही परंपरा आली कुठून?

मामा: गरजेतूनच आली. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर स्प्रिंगफील्ड होती. मूळची लष्करी रायफल, शिकारीसाठी खास करवून घेतलेली. १९२३ ला न्यूयॉर्कमध्ये ग्रिफिन अँड हाऊ सुरू झाली. स्प्रिंगफील्डच्या ॲक्शनवर देखण्या शिकारी रायफली करण्यात त्यांचं नाव झालं. मग दुसरं महायुद्ध संपलं आणि जर्मन माउझर ९८, स्प्रिंगफील्ड, एनफील्ड अशा हजारो रायफली स्वस्तात बाजारात आल्या. कारखान्यातून परतलेला माणूस संध्याकाळी तळघरात लष्करी दस्ता तासायचा, बोल्टचा दांडा वाकवायचा, दुर्बिणीसाठी भोकं पाडून आटे पाडायचा. नव्या विंचेस्टरचे पैसे त्याच्याकडं नव्हते. माउझरची ॲक्शन मात्र कुठल्याही नव्या रायफलीच्या तोडीची होती. म्हणून तो सौदा त्याला परवडायचा.

भाची: परवडायचा, तेव्हा! १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनं टपालानं बंदूक मागवणं बंद झालं, लष्करी मालाची आयात आटली. स्वस्त कच्चा माल संपला. दुसरीकडं कारखाने बदलले. तुम्हीच मला सांगितलंय, तुमच्या टूलरूममध्ये सीएनसी आल्यावर काय झालं ते. जे काम चांगल्या कारागिराला दिवसभर पुरायचं ते मशीन तासाभरात करायला लागलं, आणि पुन्हा तितक्याच बारकाईनं.

मामा: खरं आहे. यात मी तुझ्या बाजूचा. पूर्वी नव्या रायफलीच्या रिसीव्हरचं तोंड बऱ्याचदा बॅरलच्या अक्षाला काटकोनात नसायचं, बोल्टच्या दोन लग्सपैकी एकच टेकायचा. मग गनस्मिथ तो लेथवर चढवून हजारांश इंचांत सरळ करायचा. आज बऱ्याच स्वस्त रायफलींतही ते काम बऱ्यापैकी सरळच येतं. बॅरलचंही तसंच. आतल्या पिळांचा उलटा साचा कोरलेला दांडा नळीत घालतात आणि बाहेरून हातोड्यांचा मारा करतात. काही मिनिटांत बॅरल तयार होते, आतून आरशासारखी. टिक्का शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आसपास पडतील अशी हमी देते. माझ्या तरुणपणी त्या हमीसाठी कारागिराला वेगळे पैसे मोजावे लागत.

भाची: मग झालं की! हमी मिळतेय तर जुनीवर पैसे का घालायचे?

मामा: त्या हमीची तुला गरज किती, ते आधी बघ. हरणाची छाती, जिथं फुप्फुसं आणि हृदय असतं ती जागा, साधारण आठ इंचांची असते. आपल्या जंगलात झाडी दाट, बहुतेक नेम शंभर यार्डांच्या आतच धरावे लागतात. माझी रायफल शंभरावर दीड इंचात गोळ्या टाकते, टिक्का एका इंचात. मध्यापासून मोजलं तर फरक पाव इंचाचा! आठ इंचांच्या जागेत त्या पाव इंचानं हरणाचं काहीच बदलत नाही. तुझं मान ताणणं आणि डोळे मिटणं गोळीला पाच-सहा इंच बाजूला नेतं. तो फरक भरून काढायचा की पाव इंचाचा?

भाची: बरं, पण मग हाच युक्तिवाद तुमच्या यादीलाही लागू होतो. अचूकता पुरेशी असेल तर नवी बॅरल कशाला? बेडिंग कशाला? बॅरल तर सर्वांत महाग. ती झिजलीय तरी का?

मामा: (हसून) पकडलंस. नाही झिजलेली. शिकाऱ्याची बॅरल गोळ्यांनी झिजत नाही. थर्टी-ऑट-सिक्सची बॅरल काही हजार गोळ्या सहज काढते, आणि शिकारी वर्षभरात एखाद-दुसरं खोकंच संपवतो. शिकाऱ्याच्या बॅरली मरतात त्या गंजानं नाहीतर वेड्यावाकड्या साफसफाईनं. तोंडाकडून रॉड घासून घासून क्राउन, म्हणजे गोळी जिथून सुटते ती कड, खराब करतात. आपल्या रायफलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरवून बघ. धागा कुठं अडकला नाही, तर कड शाबूत.

भाची: मग बॅरल यादीतून खोडू. पण धक्क्याचं काय? ६.५ क्रीडमूर काडतुसाची बॅरल बसवली तर धक्का खूप कमी होईल, म्हणून तर तुम्ही तो विषय काढला होतात.

मामा: जमतं ते. थर्टी-ऑट-सिक्स, थ्री-ओ-एट, क्रीडमूर, तिन्ही काडतुसांचं बूड एकाच मापाचं, त्यामुळे बोल्टला हात लावावा लागत नाही. पण माझी ॲक्शन लांब काडतुसाची आहे. क्रीडमूर आखूड. मॅगझिनमध्ये ते सैल बसतं, बोल्ट उगाच जास्त मागं ओढावा लागतो. एवढे पैसे घालून अर्धवट सोय.

भाची: म्हणजे क्रीडमूर हवी असेल तर क्रीडमूरसाठीच बनलेली नवी रायफल घ्यावी.

मामा: हो. काडतूसच बदलायचं असेल तर माझं मत नव्या रायफलीला. पण धक्क्यावर आधी स्वस्त उपाय करून बघ. बंदुकीचा धक्का वजनावर असतो. काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की खांद्यावरचा मार वाढतो. माझी रेमिंग्टन दुर्बिणीसकट साडेआठ पौंडांच्या घरात. नव्या बऱ्याच रायफली दोन पौंडांनी हलक्या. दुकानात हातात घेतल्या की फुलासारख्या वाटतात आणि रेंजवर त्याच दंड काळानिळा करतात. हॉर्नाडी थर्टी-ऑट-सिक्सची कमी धक्क्याची काडतुसं करते, १८० ग्रेनऐवजी १२५ ग्रेनची हलकी गोळी. दीड-दोनशे यार्डांच्या आतल्या हरणाला ती पुरते. पुन्हा चांगला रबरी पॅड आणि खांद्याला नीट टेकणारा दस्ता. यानंतरही तू डोळे मिटलेस, तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येतो.

भाची: बॅरलच्या तोंडाशी मझल ब्रेक लावला तर?

मामा: धक्का कमी होतो, पण आवाज मागं फेकला जातो. रेंजवर कानात बोळे असतात, जंगलात बहुतेक जण कान उघडे ठेवून बसतात. कान एकदा गेले की परत येत नाहीत. हंगामासाठी मी ते सुचवणार नाही.

भाची: आता माझा सर्वांत मोठा आक्षेप. पैशाचा नाही, सुरक्षेचा. तुमची रायफल १९८२ च्या आधीची आहे. त्या वेळच्या ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. म्हणजे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावी लागते. चेंबरमध्ये काडतूस असताना! वर त्या जुन्या चापाबद्दल अमेरिकेत वर्षानुवर्षं खटले चालले आणि शेवटी सामूहिक दाव्याच्या तडजोडीत चाप बदलून देण्याची तरतूद झाली. अशी रायफल घेऊन मी झाडावरच्या मचाणावर कशी चढू?

मामा: चढू नकोस. इथं वादच नाही. तो चाप बदलल्याशिवाय ही रायफल मी तुझ्या हातात देणार नव्हतोच. इतकी वर्षं मी तिची नळी जमिनीकडं धरूनच रिकामी करत आलो. पण सवयीवर विसंबणं पुरेसं नाही. दीड-पावणेदोनशे डॉलरांत टिमनीसारख्या कंपनीचा चाप येतो, आणि सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडणारी रचना निवडता येते. तो गनस्मिथकडूनच बसवून घ्यायचा, आणि बसवल्यावर बोल्ट जोरात आपटून, सेफ्टी लावून-काढून, दस्ता जमिनीवर ठोकून तपासायचा. रिकाम्या रायफलीवर, अर्थात. ओढ तीन पौंडांच्या खाली आणायची नाही. हातमोजे घातलेलं, गारठलेलं बोट असतं, हलका चाप म्हणजे आफत. हा खर्च मी हौशीत धरत नाही, ती या रायफलीची पहिली अट आहे.

भाची: पण नव्या रायफलीत ती अट आधीच पूर्ण असते. तुमच्या हिशेबात हा मुद्दा माझ्या बाजूला टाका.

मामा: टाकला. आणखी एक तुझ्याच बाजूचा मीच सांगतो. बदललेल्या रायफलीत घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. माझ्या खांद्याच्या मापाचा दस्ता दुसऱ्याच्या काय कामाचा? आणि काही रायफली तर बदलल्या की किंमत गमावतात. १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० बघ. त्या वर्षी कंपनीनं खर्च वाचवायला रचना बदलली, तेव्हापासून आधीच्या रायफलींना संग्राहक जास्त पैसे देतात. अशा रायफलीचा मूळ दस्ता कुणी कापला, नवी भोकं पाडली, तर एका दुपारीत शेकडो डॉलर पाण्यात. म्हणून माझा नियम, जे पुन्हा मूळ रूपात आणता येत नाही ते करायचं नाही. दस्ता बदलता येतो, परत लावता येतो. चाप बदलता येतो, पण हा जुना चाप परत लावायचा नाही. कापलेलं लाकूड वाढत नाही.

भाची: आणि वेळ? चांगल्या गनस्मिथकडं महिनोन्‌महिने रांग असते. ऑगस्टमध्ये दिलेली रायफल हंगाम संपल्यावर मिळाली तर? नवी आजच्या आज हातात येते. दुकानात फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी झाली की झालं.

मामा: म्हणूनच गनस्मिथचं काम जितकं कमी, तितकं बरं. दस्ता दोन स्क्रूंवर बसतो, तो आपण घरी बसवू. ये, दाखवतो. ही डॉलरची नोट घे. बॅरल आणि दस्त्याच्या मधल्या फटीतून टोकाकडून मागं सरकव.

भाची: टोकापाशीच अडकली.

मामा: अडकणारच. या जुन्या दस्त्याच्या टोकाला कारखान्यानंच थोडा दाब ठेवलेला असतो. लाकूड कोरडं असेपर्यंत ते ठीक. ओल्या बर्फात दिवसभर बसलीस की अक्रोड फुगतं, दाब बदलतो आणि गोळीची जागाही सरकते. नव्या लॅमिनेटमध्ये बॅरल शेवटपर्यंत मोकळी ठेवू. नोट पार रिसीव्हरपर्यंत सरकली पाहिजे. मग स्क्रू टॉर्क रेंचनं आवळायचे, प्रत्येक वेळी सारखेच. आणि दुर्बीण पुढं घ्यावी लागेल. दस्ता आखूड झाला की डोळा पुढं येतो. डोळा आणि दुर्बीण यांच्यात साडेतीन इंच हवेत, नाहीतर पहिल्याच गोळीला भुवई फुटायची.

भाची: ही दुर्बीण नव्या रायफलीवरही चढवता आली असती, हे लक्षात असू द्या.

मामा: आहे लक्षात. म्हणून दुर्बिणीचा खर्च आपण दोन्हीकडं धरत नाही. आणि एक सांगू? लोक रायफल बिघडली म्हणून नवी घेतात, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा दुर्बिणीच्या सैल रिंगमध्ये नाहीतर सैल स्क्रूंमध्ये असतो. ते आधी बघायचं. नळीतला तांब्याचा थर साफ करायचा. दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून बघायची. हे सगळं झाल्यावरही गोळ्या विखुरल्या, तर रायफलीला दोष द्यायचा.

भाची: मामा, तुमचं बोलणं ऐकून मला वाटतं, आपण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय. मी विचारतेय, शून्यातून सुरुवात करणाऱ्यानं काय करावं? तुम्ही सांगताय, घरात रायफल असणाऱ्यानं काय करावं?

मामा: बरोबर. माझ्या घरात रायफल नसती, तर मीही तुला म्हटलं नसतं की जुनी शोधून आण आणि तिच्यावर पैसे घाल. जुनी घेऊन बदलणं आज फक्त हौसेसाठी. ती हौस वाईट नाही. शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनरनं स्पोकेनच्या अल बीसेन या गनस्मिथकडून मॉडेल ७० करवून घेतली, ती अमेरिकन रायफलींच्या इतिहासात गणली जाते. पण त्याच ओ'कॉनरच्या बायकोची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एलिनॉर सात बाय सत्तावन्न माउझर वापरायची, धक्क्यानं सौम्य काडतूस. त्या काळात पुरुष मोठमोठ्या मॅग्नमच्या मागं लागले होते, आणि ही बाई आपल्याला पेलेल अशा रायफलीनं देशोदेशीची शिकार करून आली.

भाची: तर मग मी माझी अट घालते. खर्चाची हद्द आधी ठरवू. दस्ता, चाप, पॅड, बसवण्याची मजुरी, सगळं मिळून साध्या नव्या रायफलीच्या किमतीच्या आत. त्यापुढं एक डॉलरही नाही. बॅरल नाही, बेडिंग नाही, रंगरंगोटी नाही. पुढच्या वर्षी "आता एवढं केलंय तर हेही करू" असा मोह तुम्हाला झाला, तर मी ऐकणार नाही.

मामा: मान्य. आणि माझी अट अशी. वाचलेले पैसे बँकेत नाही टाकायचे, काडतुसांत घालायचे. रेंजवर गोळ्या टेबलावर टेकून नाही मारायच्या. मचाणावर बसशील तसं बसून, कोट घालून मारायच्या. शंभर यार्डांवर आठ इंचांची पोलादी थाळी लावू. एका वेळी एक काडतूस, थंड बॅरलनं, कारण जंगलात पहिलीच गोळी मोजली जाते. पाच वेगवेगळ्या दिवशींच्या पहिल्या पाच गोळ्या थाळीवर वाजल्या पाहिजेत. एकही चुकली तर साठ यार्डांवर ये. जिथं पाचही वाजतील, तेच तुझं अंतर. हंगामात त्याच्या पलीकडचं हरीण कितीही मोठं असलं तरी बोट चापावर जायचं नाही.

भाची: आणि तरीही साठावरसुद्धा जमलं नाही तर?

मामा: तर ती थाळीच निकाल देईल. डमी घालून पुन्हा बघू. नळी स्थिर राहतेय आणि तरी गोळ्या भरकटताहेत, तर दोष रायफलीचा. मग तुझ्या पसंतीची नवी आणू, मी दुकानात वाद घालणार नाही. नळी खाली जातेय, तर दोष धक्क्याचा. तेव्हाही नवीच, क्रीडमूर. दोन्ही नाही, तर ही रायफल तुझी झाली असं समज.

भाची: हे मला मान्य आहे. खरं सांगते, मला जिंकायचं होतं म्हणून मी हिशेब मांडला. पण जुनी-नवी या वादात आपण हरणाला विसरतो. गोळी फुप्फुसात लागली तर ते काही पावलांत कोसळतं. पोटात लागली तर रात्रभर कण्हत झाडीत फिरतं. ते टाळणं एवढंच माझं कर्तव्य आहे. त्यासाठी जी रायफल माझ्या खांद्याला बसते, जिच्या चापावर मी भरवसा ठेवू शकते आणि जिनं मी सराव करते, ती योग्य. ती तुमच्या कपाटातून आली की दुकानातून, हे हरणाच्या दृष्टीनं सारखंच.

मामा: आणि शिकाऱ्याच्या दृष्टीनंही सारखंच असायला हवं. फक्त पैसे खर्च करण्याआधी दोष शोधायचा. दोष मापाचा असेल तर दस्ता बदल. सुरक्षेचा असेल तर चाप बदल, आणि त्यात कंजूषी नको. काडतूसच चुकीचं असेल, किंवा दोनपेक्षा जास्त गोष्टी बदलाव्या लागत असतील, तर रायफल बदल. रायफल वडिलांची असेल आणि तिच्यात जीव गुंतला असेल, तर तिला मूळ रूपात ठेव आणि शिकारीला दुसरी ने. दस्त्याची ऑर्डर आज दे. चाप सोमवारी गनस्मिथकडं टाकू, आणि काडतुसांची दोन खोकी मी आणतो.